विमानात विणकाम नेताना: सुई अडली तरी टाके वाचले पाहिजेत

लेकीच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदा अमेरिकेला निघाले, तेव्हा माझ्या 10 नंबरच्या स्टीलच्या सुईवर बाळाच्या स्वेटरची पाठ होती. 74 टाके. इथून निघताना कुणी काही विचारलं नाही. मध्ये विमान बदलायचं होतं, तिथे पुन्हा तपासणी झाली. तिथल्या माणसाने पिशवीतून विणकाम बाहेर काढलं, दोन्ही सुया ओढून डब्यात टाकल्या आणि स्वेटर तेवढा माझ्या हातात दिला. 74 टाके, सगळे उघडे. पर्समध्ये होत्या तेवढ्या सेफ्टीपिना काढून जमतील तितके टाके धरले, पण पुढच्या विमानात बसेपर्यंत मधल्या भागातल्या पाच-सहा ओळी उसवल्या होत्या.

सुयांचा जोड कुठेही परत मिळतो. त्या पाठीवर मात्र माझ्या चार दुपारी खर्च झाल्या होत्या. तेव्हापासून प्रवासाचं विणकाम भरताना मी एकच प्रश्न समोर ठेवते: आत्ता या क्षणी कुणी सुई काढून घेतली, तर टाके कशावर राहतील? याचं उत्तर तयार असेल तर बाकी कशाचाही ताण घ्यायचं कारण नाही. पुढे जे लिहिलं आहे, ते सगळं या प्रश्नाभोवती आहे.

तिकीट हातात आलं की टप्पे लिहा

विमानतळावरची तपासणी प्रत्येक देश आपल्या नियमाने करतो. त्यामुळे "विमानात सुया चालतात का?" या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आपलं विमान कुठून सुटतं, कुठे बदलायचं आहे, कुठे उतरायचं आहे आणि परतीचा मार्ग कोणता, हे आधी कागदावर लिहा. जिथे जिथे तुमची पिशवी यंत्रातून जाणार, तिथे तिथे खूण करा. दुबई, दोहा, लंडनचं हीथ्रो, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी भारतातून येऊन पुढचं विमान पकडणाऱ्यांची पिशवी पुन्हा तपासली जाते. म्हणजे मुंबईहून एक थांबा घेऊन न्यूयॉर्कला जाणाऱ्या बाईची तपासणी दोनदा होते आणि थेट विमानाने जाणारीची एकदा. सगळ्यांत कडक टप्पा जो असेल, त्याच्या हिशेबाने पिशवी भरायची.

अमेरिकेत विमानतळावरची तपासणी टीएसए ही सरकारी यंत्रणा करते. विणकामाच्या सुया आणि क्रोशाचे हुक तिथे केबिन बॅगेत चालतात, हे त्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. ब्रिटनच्या सरकारी यादीतही विणकामाची सुई हातातल्या सामानात चालते. कॅनडातही चालते. युरोपीय संघाच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत विणकामाच्या सुयांचं नाव नाही. पण या सगळ्या ठिकाणी एक वाक्य समान आहे: शेवटचा निर्णय तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा. टोक फार अणकुचीदार वाटलं तर यादीत असलेली वस्तूही तो थांबवू शकतो.

आपल्याकडे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरो म्हणजे बीसीएएस ठरवतं आणि मुंबई, पुणे, दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. भारतात टोकदार वस्तूंबाबत हात जास्त आखडता असतो. माझा आजवरचा अनुभव असा की बांबूच्या गोल सुया दर वेळी सुटल्या आणि स्टीलचा लांब जोड एकदा अडला. म्हणून भारतातून निघताना सुई अडू शकते हे धरूनच तयारी करा.

विमान कंपनीची यादीही एकदा वाचा. विमानतळावर सुटलेली वस्तू कंपनीच्या नियमात बसत नसेल तर विमानातले कर्मचारी ती बाजूला ठेवायला सांगू शकतात. कंपनीच्या संकेतस्थळावरचं ते पान मोबाइलमध्ये साठवून ठेवा. मात्र अमेरिकेच्या नियमाचं पान भारतातल्या जवानाला दाखवून उपयोग नाही, ते ज्या देशाचं त्याच देशात चालतं.

सुया निवडताना

आपल्यापैकी बहुतेकींनी आईकडून विणकाम शिकलं ते 35 सेंटिमीटरच्या सरळ सुयांवर, एका टोकाला गुंडी असलेल्या. घरी सोफ्यावर बसून त्या छान चालतात. प्रवासात त्या तीन कारणांनी गैरसोयीच्या. यंत्राच्या पडद्यावर धातूची लांब, टोकदार काडी लगेच नजरेत भरते. इकॉनॉमीची खुर्ची जेमतेम 43 ते 45 सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे सुईची मागची गुंडी शेजाऱ्याच्या दंडाला लागते. आणि सुई हातातून सुटली की घरंगळत तीन रांगा पुढे जाते.

प्रवासासाठी गोल सुई घ्या, म्हणजे दोन आखूड टोकं आणि त्यांना जोडणारी लवचिक केबल. गोल सुईवर फक्त गोल वीणच होते असं अनेकींना वाटतं. तसं नाही. ओळ संपली की काम फिरवायचं आणि दुसरं टोक उजव्या हातात घ्यायचं, झाली सरळ वीण. टोकं हातात, कामाचं वजन मांडीवर, कोपरं अंगालगत. मनगटालाही कमी त्रास. आणि दोन्ही टोकं केबलने बांधलेली असल्यामुळे एक टोक सुटलं तरी ते तिथेच लोंबकळतं.

त्यातही शक्य असेल तर टोकं वेगळी होणारी गोल सुई घ्या. आपल्याकडे निटप्रोची मिळते. तिची टोकं केबलवर स्क्रूसारखी बसतात, सोबत एक बारीक किल्ली आणि केबलच्या तोंडाला लावायच्या दोन टोप्या येतात. माझ्या प्रश्नाचं सगळ्यांत सोपं उत्तर याच सुईत आहे. विमानतळावर जायच्या आधी दोन्ही टोकं काढायची, केबलच्या दोन्ही तोंडांना टोप्या लावायच्या. सगळे टाके केबलवर सुखरूप राहतात. काढलेली टोकं पेन्सिलच्या पाऊचमध्ये. उद्या कुणी ती टोकं ठेवून घेतलीच, तरी स्वेटरला धक्का लागत नाही.

बांबू किंवा लाकूड घ्यावं की स्टील? तपासणीच्या यंत्रात धातू निळा दिसतो; लाकूड, कापड, लोकर, खाण्याचे पदार्थ नारिंगी दिसतात. बांबूची सुई लोकरीच्या गुंड्याच्या रंगातच मिसळून जाते, धातूची वेगळी उठून दिसते. हे काही लपवण्यासाठी सांगत नाही, विचारलं तर सुई काढून दाखवायचीच. पण उगाच शंका येत नाही हे खरं. दुसरा फायदा विमानातला: बांबूवर टाके थोडे धरून राहतात, विमान हललं की स्टीलवरून घसरतात तसे घसरत नाहीत. ॲक्रिलिक लोकर तर स्टीलवरून फारच पटकन सुटते.

मोजे विणणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना टोक असलेल्या चार-पाच सुयांचा संच घरीच ठेवावा. पाच टोकदार काड्या समजावून सांगणं अवघड, आणि त्यातली एक खुर्चीच्या फटीत गेली की काम थांबलंच. त्याऐवजी 80 किंवा 100 सेंटिमीटरच्या एकाच गोल सुईवर, केबलचा फास बाहेर काढून मोजे विणता येतात. याला मॅजिक लूप म्हणतात. घरी एक मोजा त्या पद्धतीने विणून हात बसवा आणि मगच प्रवासात आणा.

क्रोशा येत असेल तर काम आणखी सोपं. क्रोशाच्या हुकाचं टोक बोथट असतं आणि टाका पूर्ण झाला की हुकावर एकच उघडा फास असतो. हुक गेला तर तो फास थोडा मोठा ओढून त्यात एक सेफ्टीपिन अडकवली की झालं. पहिल्यांदाच एवढा लांबचा प्रवास करणारी आणि तपासणीला बिचकणारी मैत्रीण असेल तर मी तिला क्रोशाचंच काम न्यायला सांगते.

कात्रीचं काय

सुईपेक्षा कात्रीनेच जास्त जणींना अडवलं आहे. अमेरिकेत 22 डिसेंबर 2005 पासून 4 इंचांपेक्षा कमी पात्याची कात्री केबिनमध्ये चालते. माप पात्याच्या जोडापासून, म्हणजे मधल्या खिळ्यापासून, टोकापर्यंत घ्यायचं. युरोप, ब्रिटन आणि कॅनडात ही मर्यादा 6 सेंटिमीटरची आहे. भारतातून निघताना टोकदार धातूची कात्री केबिन बॅगेत ठेवूच नका, सरळ चेक-इनच्या बॅगेत टाका. शिवणकामाच्या दुकानात पदकासारखा गोल धागाकापक मिळतो, आत पातं असलेला. तो निरुपद्रवी दिसतो म्हणून अनेकजणी गळ्यात घालून जातात. टीएसए तो केबिनमध्ये नाकारते, कारण आत पातं असतं.

मग धागा तोडायचा कसा? मी साधं नेलकटर वापरते. चांगल्या धारेच्या नेलकटरने चार पदरी लोकर एका दाबात तुटते. शुद्ध लोकर असेल तर नेलकटरही नको: दोन हातांत धरून पीळ उलटा फिरवायचा आणि हलकेच ओढायचं, धागा सुटून येतो. ॲक्रिलिक असं तुटत नाही, ओढाल तर बोट कापेल. खरं तर प्रवासापुरतं एकाच रंगाचं, एकाच गुंड्यातलं काम घेतलं तर धागा तोडायची वेळच येत नाही.

विमानात काय विणावं

मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमानाने गेलं तरी पंधरा-सोळा तास लागतात, त्यामुळे अर्धा स्वेटर होईल असं वाटतं. होत नाही. जेवण, झोप, अंधार, पाय मोकळे करणं हे सगळं वजा केलं तर हातात चार-पाच तास येतात. तेवढ्याचंच काम घ्या. 100 ग्रॅमपेक्षा जास्त लोकर वर ठेवायची गरज नाही, बाकीची चेक-इनमध्ये. केबिनच्या 7 किलोंत औषधं, कागदपत्रं, एक जोडी कपडे, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या बाबतीत डिंकाचे लाडूही असतात.

जाळीची वीण, वेणीची वीण, तीन रंगांचं काम घरी. विमानात दिवे मंद होतात, शेजारचा उठतो, चहा येतो, टाके मोजताना चार वेळा मोजणी चुकते. ज्या कामाकडे न बघता हात चालतो तेच घ्या. रंग फिका घ्या. काळी किंवा गडद निळी लोकर डोक्यावरच्या त्या छोट्या दिव्यात दिसत नाही, आणि गळलेला टाका तर मुळीच सापडत नाही.

नवजात बाळाची साधी टोपी हे माझं ठरलेलं विमानातलं काम. 8 नंबरची म्हणजे 4 मिलिमीटरची गोल सुई, त्या सुईला शोभेल अशी मध्यम जाडीची मऊ बेबी वूल, साधारण 50 ग्रॅम. घरीच 72 टाके घाला आणि दोन सुलट, दोन उलट असा 3 सेंटिमीटरचा पट्टा विणून घ्या. टाके घालणं आणि पहिल्या ओळी हे मोजणीचं काम आहे, ते विमानात नको. पुढे एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं सपाट विणत एकूण उंची 10 सेंटिमीटर होईपर्यंत जायचं. हा मधला भाग म्हणजे विमानातले निवांत तास. मग टाके कमी करायचे: सुलट ओळीत सात टाके सुलट, पुढचे दोन एकत्र, असं ओळीच्या शेवटपर्यंत. मधली उलट ओळ साधी. पुढच्या सुलट ओळीत सहा सुलट, दोन एकत्र, त्याच्या पुढच्या वेळी पाच. असं करत आठ टाके उरले की धागा लांब ठेवून तोडायचा, बोथट सुईने त्या आठांमधून ओवून घट्ट ओढायचा आणि त्याच धाग्याने कडा शिवून टाकायच्या. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर 35 सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि ही टोपी ताणून त्यावर नीट बसते.

कामाची कृती कागदावर लिहून घ्या किंवा तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नेटवरून उघडावी लागणारी कृती विमानात उघडणार नाही.

लोकर

ट्रंकेतून काढलेल्या लोकरीला डांबराच्या गोळ्यांचा वास असतो. घरात आपल्याला तो जाणवत नाही, बंद विमानात शेजारच्या माणसाचं डोकं दुखतं. निघायच्या आधी दोन-तीन दिवस लोकर सावलीत, वाऱ्यावर पसरून ठेवा.

लडी असेल तर घरीच गुंडा करून घ्या. समोरच्याच्या दोन्ही हातांवर लडी अडकवून गुंडा करायचं काम विमानात शक्य नाही. गुंडा सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणली जाते आणि विणल्यावर आखडते. धागा आतून निघेल असा गुंडा केला तर तो उड्या मारत नाही. आणि गुंडा उघडा ठेवू नका. मी नाडीचा सुती बटवा वापरते: गुंडा आत, नाडी ओढलेली, धागा तेवढा तोंडातून बाहेर. बटवा मनगटात अडकतो, त्यामुळे गुंडा खुर्च्यांखाली जाण्याचा प्रश्नच नाही.

गुंड्यावरची कागदी पट्टी फेकू नका. तिच्यावर शेड नंबर आणि लॉट नंबर असतो. एकाच शेडचे दोन लॉट शेजारी ठेवले की उन्हात फरक दिसतो. वर्धमान किंवा ओसवालचा तोच लॉट परदेशातल्या दुकानात मिळणार नाही, म्हणून मोठं काम असेल तर लागेल त्याच्यापेक्षा एक गुंडा जास्त घेऊन चेक-इनमध्ये ठेवा.

एक गोष्ट ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांसाठी. कातलेली, रंगवलेली लोकर हा प्रश्न नाही. पण कुणी घोंगडीची हौस म्हणून आपल्या दख्खनी मेंढीची न धुतलेली, न कातलेली लोकर नेत असेल तर ती उतरताना अर्जावर जाहीर करावीच लागते. प्राणिजन्य कच्च्या मालाबाबत तो देश फार काटेकोर आहे.

आदल्या रात्री: आधाराचा धागा

टोकं वेगळी होणारी सुई नसेल तर हे काम चुकवू नका. दहा मिनिटं लागतात.

कामाची एक सुलट ओळ पूर्ण करा, म्हणजे सगळे टाके एका सुईवर, सरळ बसलेले असतील. क्रोशाचा गुळगुळीत सुती दोरा घ्या, लोकरीपेक्षा वेगळ्या रंगाचा. लोकरीचाच धागा घेतला तर तो टाक्यांत गुंततो. कामाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांबी ठेवा. बोथट सुईत ओवून, टाके सुईवर असतानाच, सुईलगत एकेका टाक्याच्या पोटातून दोरा पुढे न्या. लोकरीचे पदर फाडू नका, टोक पदरांच्या मधून गेलं तर नंतर दोरा निघत नाही. खुणेसाठी अडकवलेल्या कड्या असतील तर त्यांच्यातून दोरा जाऊ देऊ नका, बाजूने न्या. शेवटी किती टाके ओवले ते मोजा. सुईवर जेवढे होते तेवढेच भरले पाहिजेत. मग दोऱ्याची दोन्ही टोकं एकमेकांना सैल गाठ मारून बांधा. ओळ कितवी ते कागदावर लिहून ठेवा.

आता सुई कुणी ओढून काढली तरी काम या दोऱ्यावर राहील. नवी सुई मिळाली की त्याच दोऱ्याच्या मार्गाने टाके एकेक उचलायचे. निटप्रोच्या केबलच्या तोंडाशी किल्लीसाठी जे बारीक छिद्र असतं, त्यात हा दोरा ओवून ओळ विणली तर तो आपोआप सगळ्या टाक्यांतून ओढला जातो, वेगळं ओवायला नको. हे मला उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी घरच्या कामातही तसंच करते.

पिशवी भरणं

विणकामाची पिशवी केबिन बॅगेत सगळ्यांत वर. तिच्यात बटवा, सुईवरचं काम, नेलकटर, लोकर शिवायची प्लॅस्टिकची बोथट सुई, खुणेला दोऱ्याच्या चार-पाच कड्या, पाच-सहा सेफ्टीपिना, आणि गुंडाळून ठेवलेला हातभर सुती दोरा. एवढंच. सुयांच्या टोकांना रबरी टोप्या लावा. नसतील तर खोडरबराचे दोन तुकडे खोचा.

दुसरा सुयांचा जोड आणि कात्री चेक-इनच्या बॅगेत. त्या नुसत्या कपड्यांत खुपसू नका. बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला टोक लागू शकतं. टूथब्रशची लांब डबी किंवा जाड पुठ्ठ्याची नळी यासाठी उत्तम. आजीच्या किंवा आईच्या आठवणीच्या सुया केबिनमध्ये कधीच नेऊ नका. त्या गेल्या तर परत मिळत नाहीत.

तपासणीच्या रांगेत

बॅग पट्ट्यावर ठेवताना विणकामाची पिशवी बाहेर काढून ट्रेमध्ये वेगळी ठेवा. बॅगेच्या पोटात चार्जरच्या वायरी, छत्री आणि सुया एकमेकांवर आल्या की पडद्यावर गुंता दिसतो आणि सगळी बॅग उपसावी लागते. सुईवर चार बोटं तरी विणलेलं काम असू द्या. नुसत्या सुया म्हणजे काड्या. सुईवर बाळाची अर्धी टोपी असली की पाहणाऱ्याला काम कळतं.

आपल्याकडे जवानाशी बोलणं हिंदीत होतं, आणि तिथे "सुई" म्हणू नका. हिंदीत सुई म्हटलं की शिवणाची किंवा इंजेक्शनची सुई डोळ्यांपुढे येते. विणकामाच्या सुईला हिंदीत "सलाई" म्हणतात. "बेटा, स्वेटर बुनने की सलाई है, लकड़ी की है" एवढं सांगितलं की पुरे. उत्तरेकडच्या कित्येक घरांत थंडीच्या दिवसांत आई, मावशी, बहीण अंगणात सलाया घेऊन बसतात; तो शब्द ऐकल्यावर चेहरा बदललेला मी पाहिला आहे. एका तरुण जवानाने माझी अर्धी टोपी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "मेरी माँ भी बनाती है, आंटीजी." एका शब्दाने केवढी ओळख पटते.

वाद घालू नका. तो आपलं काम करतो आहे, आणि मागे रांग असते. नम्रपणे एकदा विचारा की वरिष्ठांना दाखवता येईल का. नाही म्हणाला तर नाही.

अडवलंच तर

पहिलं वाक्य हे: "एक मिनिट दीजिए, मैं सलाई खुद निकालती हूँ." दुसऱ्याला सुई ओढू देऊ नका. आधाराचा दोरा असेल तर सुई शांतपणे सरकवून काढा. नसेल तर पिशवीतला हातभर दोरा बोथट सुईत ओवा आणि बाजूच्या बाकावर बसून टाके त्यावर घ्या. 74 टाक्यांना पाच मिनिटं लागतात. त्यासाठी विमानतळावर अर्धा तास लवकर पोहोचा.

सुयांचं काय करायचं? वेळ असेल तर विमान कंपनीच्या माणसाला बोलावून त्या चेक-इनमध्ये पाठवता येतील का विचारा. बॅग आधीच गेली असेल तर बहुधा जमत नाही. भारतात सोडायला आलेल्यांना तिकिटाशिवाय आत येता येत नाही, आणि चेक-इननंतर आपल्यालाही सहज बाहेर जाता येत नाही. म्हणून सोडायला आलेल्या जावयाला किंवा मुलाला "तपासणी झाली की फोन करते, तोवर थांब" असं सांगण्याने सुयांच्या बाबतीत फारसं साधत नाही. त्या सोडून द्यायची मनाची तयारी हवी, आणि म्हणूनच प्रवासाला साध्या सुया न्याव्यात.

विमानात बसल्यावर

उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी काम पिशवीत, टोकांना टोप्या, पिशवी समोरच्या खुर्चीखाली. पट्टा बांधायचा दिवा लागला आणि विमान हलायला लागलं तरी तेच. त्या वेळी उघडं टोक हातात असणं धोक्याचं आहे, आपल्यालाही आणि शेजाऱ्यालाही. शेजारी लहान मूल असेल तर मी सुई काढतच नाही, क्रोशा काढते.

जागा निवडता आली तर खिडकीची घ्या, एक कोपर तरी मोकळं राहतं. विमानातली हवा फार कोरडी असते. बोटांना भेगा पडतात आणि लोकरीचे तंतू त्यात अडकतात. 100 मिलिलिटरपेक्षा लहान ट्यूबमधलं क्रीम जवळ ठेवा, लावल्यावर दहा मिनिटं थांबा, नाहीतर फिक्या लोकरीवर डाग पडतो. दर तासा-दीड तासाने काम खाली ठेवून उठा. मान खाली घालून तीन तास सलग बसलं की पाय सुजतात आणि मानेचा त्रास उतरल्यावर दोन दिवस पुरतो.

उठताना ओळ पूर्ण करूनच उठा. अर्ध्या ओळीत ठेवलेलं काम परत हातात घेताना दिशा चुकते आणि आखूड ओळ पडते, ती दहा ओळींनंतर लक्षात येते.

तिकडे सुई विकत घ्यायची वेळ आली तर

आपल्याकडचे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत: नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं: नंबर मोठा तितकी सुई जाड. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, तिला तिकडे 6 म्हणतात. आपली 10 नंबर 3.25 मिलिमीटरची, ती तिकडे 3. आपली 12 नंबर 2.75 मिलिमीटरची, ती तिकडे 2. अमेरिकेतल्या दुकानात "8 नंबर द्या" म्हटलं तर 5 मिलिमीटरची जाड सुई मिळेल आणि टोपी बाळाच्या बाबांना बसेल एवढी होईल. म्हणून कृतीच्या कागदावर नंबर न लिहिता मिलिमीटर लिहा. ते माप सुईवर आणि पाकिटावर सगळीकडे छापलेलं असतं.

परतीला हीच तयारी पुन्हा. अमेरिकेतून निघताना सुया सहज सुटल्या म्हणून मधल्या थांब्यावर सुटतीलच असं नाही, जाताना माझ्या 74 टाक्यांचं तेच झालं होतं. परत येताना सुईवर बहुधा जाताना घातलेलं काम नसतं, नातीच्या मापाने नव्याने घातलेलं असतं. निघायच्या आदल्या रात्री लेकीच्या घरच्या सोफ्यावर बसून त्यातून दोरा ओवून ठेवा.